माझ्या व्हॅनमधून गेलेलं पिनबॉल

माझ्या धाकट्या बहिणीकडे दोन गाड्या आहेत. एक तिची, एक तिच्या नवऱ्याची. दोन्ही चकचकीत, आणि दोन्हींत कांद्याची गोणी टाकायची म्हटलं तर ती डिकीच उघडत नाही. त्यामुळे सामान हलवायची वेळ आली की तिला मी आठवते, म्हणजे माझी व्हॅन आठवते. मी खांदेश्वरला राहते, ऑफिसांना पोळीभाजीचे डबे पुरवते आणि मागच्या सीट काढून टाकलेली ती व्हॅन स्वतः चालवते. फोनवर तिने एवढंच सांगितलं की जासईच्या एका गोडाऊनमधून एक मशीन खारघरला आणायचं आहे, अण्णांसाठी आहे, आणि अण्णांना इतक्यात कळू द्यायचं नाही.

अण्णा म्हणजे आमचे वडील. आई गेल्यापासून ते आमच्याच बिल्डिंगमध्ये, माझ्या खालच्या मजल्यावर एकटे राहत होते. एकटे म्हणजे झोपायला एकटे. चहा, जेवण, गोळ्या, प्रेशर मोजणं, संध्याकाळचा कॅरम, सगळं माझ्याकडे. आता बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली होती आणि पावसाळ्याआधी सगळ्यांनी घरं रिकामी करायची होती. मी दोन गल्ल्या सोडून भाड्याने जागा बघितली ती अण्णांना धरूनच. त्यांना एक खोली वेगळी, तळमजला, बाथरूममध्ये धरायला दांडा. घरमालकाकडून तो दांडा बसवून घेतल्याशिवाय मी करारावर सही केली नाही. बहीण म्हणाली, अण्णांनी आमच्याकडे का येऊ नये, आमच्याकडे लिफ्ट आहे, खाली बाग आहे, एक बेडरूम नुसती पडून आहे. अण्णा तिलाही ‘बघू’ म्हणाले आणि मलाही ‘बघू’ म्हणाले. महिनाभर त्यांचं नुसतं ‘बघू’ चाललं होतं आणि इकडे माझा जीव टांगणीला लागला होता.

मला माझ्या बहिणीचा हेवा वाटतो. हे मी आडून आडून सांगत बसणार नाही. तिच्या टॉवरचा नाही, गाड्यांचा तर अजिबात नाही. अण्णा तरुणपणी मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होते. मी लहान असताना ते वर्षाचे दहा-दहा महिने बाहेर असायचे. यायचे तेव्हा टिनचे डबे, नायलॉनच्या साड्या आणि माझ्या मापाला कधीच न बसणारे फ्रॉक घेऊन यायचे, कारण मी केवढी झाले आहे ते त्यांना माहीत नसायचं. बहीण झाली आणि त्यांनी जहाज सोडलं. तिला त्यांनी सायकल शिकवली. तिच्या शाळेच्या गॅदरिंगला ते पहिल्या रांगेत बसले. तिच्यासाठी ते किनाऱ्यावर आले, माझ्यासाठी आले नव्हते, हे गणित मी आठ वर्षांची असताना मांडलं आणि अजून मला ते खोडता आलेलं नाही.

जासईला कंटेनर यार्डांच्या मागे ते गोडाऊन होतं. परदेशातून परत येणाऱ्या लोकांचं सामान, बंद पडलेल्या हॉटेलांचं फर्निचर, असलं काय काय तिथे विकायला ठेवलेलं. बहीण आधीच पोचली होती. डोळ्यांवर गॉगल, हातात पाण्याची बाटली. तिने मला एका कोपऱ्यात नेलं आणि चादर बाजूला केली.

चार पायांवर उभी असलेली लांबट पेटी, वर काच, काचेखाली रंगीत दिवे, घंटा, रबरी कडा, आणि मागच्या बाजूला उभं एक खोकं, त्याच्या काचेवर समुद्र, होडी आणि पोहायच्या कपड्यांतल्या दोन बायका. मी असलं काही कधी जवळून पाहिलं नव्हतं. बहीण म्हणाली, याला पिनबॉल म्हणतात. स्प्रिंगच्या दांड्याने गोळी वर मारायची, खाली आली की दोन बाजूंची बटणं दाबून आतल्या पट्ट्यांनी ती पुन्हा वर उडवायची. मी विचारलं, अण्णा हे काय करणार?

“अगं, ते जहाजावर असताना बंदरात उतरले की हेच खेळायचे,” ती म्हणाली. “खलाशांच्या क्लबात. एका बंदरात तर त्यांना पाहायला लोक जमायचे म्हणे. तुला नाही सांगितलं कधी?”

मी म्हटलं, सांगितलं असेल, माझ्या लक्षात नसेल. खोटं बोलले. इतक्या वर्षांत, रोज संध्याकाळी कॅरमच्या पलीकडच्या बाजूला बसून, त्यांनी मला यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. आणि मी मनातल्या मनात वर्षं जुळवत होते. मी खिडकीत बसून त्यांची वाट बघायचे तेव्हा ते कुठल्या तरी बंदरात याच्यापुढे उभे होते. बहिणीचाच काय, मला त्या पेटीचासुद्धा हेवा वाटला. त्या काचेवरच्या दोन बायकांकडे मी रागाने बघितलं हेही सांगून टाकते.

गोडाऊनवाल्याने मशीन लावून दाखवलं. त्याच्यासाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर लागतो, विटेसारखा जड, तोही त्याने दिला. मग मशीन सुटं करायचं काम सुरू झालं. बहिणीने गॉगल डोक्यावर चढवला आणि बाजूला उभी राहिली. पाना माझ्या हातात आला.

आधी पुढचं छोटं दार उघडून आतली कळ ओढली, मग वरची लोखंडी पट्टी निघाली आणि काच पुढे सरकवून बाहेर काढली. ती माझ्या अंदाजापेक्षा खूप जड होती. मी घरून दोन गोधड्या आणल्या होत्या, त्यातल्या एकीत ती गुंडाळली. आतली पोलादी गोळी गोडाऊनवाल्याने काढली आणि ती माझ्या हातात न देता बहिणीच्या हातात दिली. पैसे तिने दिले होते, तेव्हा बरोबरच होतं. पण मला लागलं. मागच्या खोक्यात वायरींचे जुडगे होते. गोडाऊनवाला एकेक जोड ओढून काढत होता आणि मी प्रत्येकावर बिंदीच्या पाकिटातल्या रंगीत टिकल्या चिकटवत होते, वायरीला लाल तर खोबणीलाही लाल. डब्यांवर मी असंच करते, कुठल्या ऑफिसचा कुठला ते कळायला. बहीण म्हणाली, ताई, तू किती हुशार आहेस गं. मला ते कौतुक नको होतं. मला एवढंच हवं होतं की तिने एक टोक उचलावं.

खोकं पुढे पाडून पेटीवर आडवं केलं, मध्ये दुसरी गोधडी घातली आणि बांधलं. मग पेटी दोन स्टुलांवर टेकवून पाय काढले. एक बोल्ट गंजला होता, तो सुटेना. मी पान्यावर पाय देऊन उभी राहिले तेव्हा कुठे हलला. गोडाऊनची दोन माणसं, मी आणि शेवटी अगदीच इलाज नाही म्हणून बहीण, अशा चौघांनी ते धूड उचलून व्हॅनमध्ये सरकवलं. बरोबर मावलं. दार लागलं तेव्हा माझ्या व्हॅनचा मला अभिमान वाटला, आणि लगेच हेही डोक्यात आलं की आपण काय घेऊन चाललो आहोत.

कारण बहिणीने तोवर सांगून टाकलं होतं. हे मशीन कुठल्याही भाड्याच्या घरात ठेवता येणार नाही, खोली अडते. ते तिच्याचकडे, त्या रिकाम्या बेडरूममध्ये राहणार. आणि मशीन तिथे म्हटल्यावर अण्णाही तिथेच येतील, नाही का? हे तिने काही कपटाने सांगितलं नाही. वाढदिवसाच्या केकबद्दल सांगावं तशा उत्साहात सांगितलं. तिचं हेच मला सहन होत नाही. ती माझं काही हिसकावून घेते तेव्हासुद्धा ती इतकी खूश असते की तिच्यावर ओरडता येत नाही.

गव्हाण फाट्यापर्यंत दोन्ही बाजूंना ट्रेलर. मी तिसऱ्या गिअरच्या वर गेले नाही. खड्डा आला की मागे पाय खडखडायचे, आणि बहीण शेजारी बसून सारखी, हळू ताई, हळू. तिची गाडी तिने ड्रायव्हरबरोबर पुढे पाठवली होती. ती गोळी तिच्या मुठीत होती. एकदा मनात आलं, एखादा जोरात ब्रेक मारावा. मारला नाही. मागे माझी गोधडी होती, आणि खरं सांगायचं तर काच फुटली असती तर अण्णांचं तोंड कसं झालं असतं ते मला बघवलं नसतं.

खारघरला तिच्या टॉवरच्या गेटवर वॉचमनने व्हॅन अडवली. माझं नाव त्याच्या ॲपवर येईना. डब्याची गाडी मागच्या गेटने, असं तो म्हणाला. बहीण खाली वाकून म्हणाली, “अहो, ताई आहे माझी.” मग फाटक उघडलं. सर्व्हिस लिफ्टमध्ये पेटी उभी करूनच घालावी लागली. हाउसकीपिंगच्या दोघांनी ती वर आणली. त्या रिकाम्या बेडरूममध्ये तिने आधीच अण्णांसाठी पलंग घातला होता, नवी चादर, उशाशी दिवा. मी त्या चादरीकडे बघितलं नाही. पाना काढला आणि पाय बसवायला घेतले.

टिकल्या कामाला आल्या. लाल लालमध्ये, हिरवी हिरवीत, सगळ्या वायरी जिथल्या तिथे. पण पाय बसवल्यावर माझ्या लक्षात आलं की पेटी पुढे झुकली आहे. काचेवर हात ठेवला तरी कळत होतं. आता आमचं घर कॅरमवाल्यांचं. आमच्याकडे खेळाआधी बोर्डाची लेव्हल तपासल्याशिवाय सोंगटी लावत नाहीत. स्टँडच्या पायाखाली कागदाची घडी घालून, गवंड्याकडे असते ती बुडबुड्याची पाणसळ चारी बाजूंना ठेवून बघायची, हे अण्णांनीच मला शिकवलं. ती पाणसळ माझ्या व्हॅनच्या कप्प्यात कायम असते. मी ती आणली, काचेवर ठेवली, आणि कामाला लागले. पुढच्या पायांच्या बुडाशी फिरवायचे स्क्रू होते, ते शेवटपर्यंत बाहेर काढले. तरी पुरेना, तेव्हा बहिणीच्या किचनच्या कामातून उरलेले लाकडाचे तुकडे पुढच्या पायांखाली सारले. मागचे पाय पार खाली उतरवले. घामाने माझा ड्रेस पाठीला चिकटला होता. अखेर बुडबुडा बरोबर मधोमध येऊन थांबला. बहीण म्हणाली, त्यावर पावडर टाकायची का? मी म्हटलं, ते अण्णा बघतील. आत कुठेतरी मला बरं वाटत होतं. पैसे तिचे, पण हे मशीन ताठ उभं राहिलं ते माझ्या हातांनी, आणि लेव्हल बघितल्यावर अण्णांना ते कळणार होतं.

मग मीच जाऊन अण्णांना खांदेश्वरहून आणलं. त्यांना सांगितलं, धाकटीने जेवायला बोलावलंय. वाटेत त्यांनी, मागे गोधड्या कशाला, असं विचारलं. मी म्हटलं, धुवायच्या आहेत.

त्या बेडरूमच्या दारात उभं राहून त्यांनी मशीन बघितलं. बराच वेळ आत आले नाहीत. बहीण मोबाइल धरून त्यांचा व्हिडिओ काढत होती. मग ते हळूच जवळ गेले आणि पेटीच्या दोन्ही बाजूंना तळहात लावले, बटणं न बघता सापडली त्यांना. बहिणीने गोळी सोडली. अण्णांनी दांडा मागे ओढला, थोडा थांबवला, सोडला. गोळी वर गेली, कडेने वळली, एका घंटेला लागली, वीतभर घरंगळली आणि पटाच्या मधोमध थांबली.

नुसती थांबली. दिवे लुकलुकत होते आणि गोळी जागची हलेना. बहिणीचा चेहरा पडला. ती म्हणाली, गोडाऊनमध्ये तर चालत होतं, ताई, तू काही वायर उलटी तर नाही ना लावलीस? मी म्हटलं, एकही नाही. आवाज चढला माझा.

अण्णा गुडघ्यावर हात देत खाली बसले. मी सवयीने त्यांच्या काखेत हात घालायला गेले तर त्यांनी तो बाजूला केला. पुढच्या पायांखालचे लाकडाचे तुकडे त्यांनी बघितले, मग काचेवर राहिलेली पाणसळ बघितली, आणि हसायला लागले. इतके हसले की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

“बाय माझे,” ते म्हणाले, “हा कॅरम नाय गो. ह्याला उतार लागतो. गोळी खाली आलीच पायजे. तिला खाली जाऊ द्यायची नाय, हाच तर खेळ हाय.”

तुकडे मी काढले. मागचे पाय वर मी केले, पुढचे खाली मी केले. ते सांगत होते, अजून जरा, अजून, बस. आणि मग अण्णा खेळले. ज्या माणसाला मी जिन्याच्या एकेका पायरीवर धरून उतरवते तो माणूस पाय फाकवून उभा होता, कंबरेने पेटीला हळूच धक्का देत होता, ओठ दाबून गोळीवर नजर ठेवून होता. औषधाची वेळ झाली होती. गोळ्यांची डबी मी पर्समधून काढली नाही. घंटा वाजत होत्या आणि बहीण टाळ्या वाजवत होती. मला हेवा वाटत होता, सगळ्याचाच, त्या बटणांचासुद्धा.

जेवताना मी विचारलंच. म्हटलं, अण्णा, हिला सांगितलंत, मला का नाही सांगितलंत कधी?

त्यांनी घास ताटात ठेवला. “तुला सांगाया बसलो असतो तर तू म्हनाली असतीस, आधी गोळी घ्या,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. आणि मग, माझ्याकडे न बघता, “मी इथं ऱ्हातो काय दिवस. तुझ्याकडं मी पेशंट असतो गो. तू वाईट नको वाटून घेऊस.”

वाईट वाटलं. इतकी वर्षं मी जे केलं ते त्यांना नको होतं असं नाही, हे मला कळत होतं. त्यांना दुसरं काहीतरीही हवं होतं आणि ते माझ्याकडे मिळत नव्हतं, एवढंच ते म्हणत होते. पण ते मी माझ्याच व्हॅनमधून, माझ्याच गोधडीत गुंडाळून इथवर आणून दिलं होतं. बहीण माझ्याकडे बघत होती. नंतर किचनमध्ये तिने विचारलं, ताई, रागावलीस? मी म्हटलं, हो. तिला वाटलं होतं मी नाही म्हणेन. ती ओट्याला टेकून उभी राहिली. मग मी तिला सगळ्या गोळ्यांच्या वेळा सांगितल्या. कुठली उपाशीपोटी, कुठलीवर दूध नको, रात्री पाय सुजले तर काय करायचं. एकही लपवली नाही. ती बोटांवर मोजत पाठ करत होती आणि मला तिची दया आली नाही.

मी निघायला म्हणून पर्स घेतली. त्या खोलीवरून जाताना अण्णा एकटे मशीनपाशी उभे होते, खेळत नव्हते. मला बघून त्यांनी मानेनेच बोलावलं. मी म्हटलं, उशीर होतोय, उद्याच्या भाज्या निवडायच्यात. ते म्हणाले, “हात ठेव हितं.”

मी दोन्ही बाजूंना हात ठेवले. ते माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि त्यांनी माझ्या बोटांवर बोटं ठेवली. असं ते माझ्यामागे कधी उभे राहिले होते ते मला आठवेना. सायकलच्या वेळी ते नव्हते. पहिली गोळी मी बघेपर्यंत खाली गेली. ते म्हणाले, परत. दुसरी घंटेला लागली आणि माझ्या तोंडून काहीतरी आवाज निघाला, हसण्यासारखा. घाई करू नको, ते कानाशी म्हणाले, येऊ दे तिला, अगदी जवळ येऊ दे, आता. मी बटण दाबलं. गोळी सरळ वर गेली आणि सगळे दिवे एकदम लागले.

“ताई,” बहीण दारातून म्हणाली, “आता माझा नंबर.”

मी मागे वळून बघितलं, तेवढ्यात गोळी खाली गेली. ती हात पुसत उभी होती, चव्वेचाळीस वर्षांची बाई, दोन गाड्या, एवढं घर, आणि आजपासून अण्णाही तिचेच. ती खरंच वाट बघत होती.

“थांब,” मी म्हटलं, आणि दांडा मागे ओढला.